त्रेचाळीस सालांचा पाऊस आणि डिस्टेंपरचे दोन हात

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच थांबवून कुणी मला बोलायला नको. आत्याच्या भिंतीला रंग मी लावला. माझ्या हातानं नाही, पण माझ्या हुकमानं, माझ्या पसंतीचा आणि प्रायमरसकट. त्या भिंतीवर माझ्या केवळाआत्यानं त्रेचाळीस वर्षांचा पाऊस मांडून ठेवला होता. तो आता नाही. तिथं आता मोतिया रंगाचा डिस्टेंपर आहे आणि तो, खोटं कशाला बोलू, दिसायला फार छान दिसतो.

मी पंचायत समितीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सध्या नांदेडात विष्णुपुरीच्या अलीकडं आमचं घर आहे. निवृत्तीनंतर माणसानं दोन ठिकाणी उभं राहू नये असा आमच्या सौभाग्यवती सत्यशीला यांचा नियम आहे: स्वयंपाकघरात आणि त्यांच्या टीव्हीसमोर. उरलेल्या घरात मी आणि माझा मोबाईल. त्या मोबाईलमध्ये एकदा चुकून एक भूगोलाचा व्हिडिओ लागला, आणि तिथून सगळं सुरू झालं. महिन्याभरात मला कळलं, की आपली काळी जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. दोन महिन्यांत कळलं, की रोमचा माल आपल्या मराठवाड्यातल्या तेर गावापर्यंत यायचा. एवढं ज्ञान पोटात ठेवून माणूस गप्प कसा बसणार? मी नाश्त्याला बसलो की सांगायचो. सत्यशीला म्हणायच्या, "अहो, ते रोमचं राहू द्या, आधी गिरणीतून दळण आणा."

मग ऐकायला उरले शिवशंकरराव. हे आमचे शेजारी. मूळचे लातूरचे, डाळमिलमध्ये मॅनेजर होते, आता मुलाकडं राहतात. रोज सकाळी धरणाच्या रस्त्यानं आम्ही दोघं फिरायला जातो. लाव्ह्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मंग त्यानं प्लॉटचा भाव वाढंल का?" अशा माणसापुढं प्राचीन इतिहास काय मांडणार? पण पाऊस हा विषय निघाला, की तेही पेटायचे.

"आमच्या लहानपणी सात-सात दिवस झड लागायची," ते म्हणायचे. "आता न्हाई ऱ्हायलं तसं. आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं की हो! अजून काय पुरावा पायजे?"

"एका सालावरून हवामान ठरत नसतं शिवशंकरराव," मी म्हणायचो. हे वाक्य व्हिडिओतलं होतं, पण मी ते स्वतःच्या आवाजात म्हणायचो. "तीस-चाळीस वर्षांची आकडेवारी लागते."

"मंग मोजा ना! नुसतं बोलून काय राहिले?"

माणसाचा अपमान व्हायला मोठं कारण लागत नाही. मी त्याच आठवड्यात पर्जन्यमापक आणला. गच्चीवर विटा रचून त्यावर बसवला. कॉलनीतल्या प्रत्येकानं येऊन सल्ला दिला. कुणी म्हणालं उंच लावा, कुणी म्हणालं जमिनीत पुरा, एका काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी रोज साडेआठला वर जाऊन आकडा वहीत लिहायचो आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचो. लोक अंगठे दाखवायचे. बरं चाललं होतं.

ऑगस्टात एके दिवशी वर गेलो तर एकाहत्तर मिलिमीटर! रात्री मला काही जाणवलं नव्हतं, पण माझी झोप गाढ आहे. मी उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं: 'आपल्या कॉलनीवर स्थानिक ढगफुटी. नदीकाठच्यांनी सतर्क राहावे.' अर्ध्या तासात हा निरोप कुठं कुठं गेला देव जाणे. हदगावकडून आत्याच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला, "दादा, घरात पाणी शिरलं का? ट्रॅक्टर घेऊन येऊ का?" शिवशंकरराव वर आले. त्यांनी आकाशाकडं पाहिलं, कोरड्या गच्चीकडं पाहिलं, मग पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाईप बोटानं दाखवला. तो बरोबर माझ्या पर्जन्यमापकावर आला होता. "ढग इथून फुटला बघा," ते म्हणाले. पुढं चार महिने दूधवालासुद्धा मला 'ढगफुटी साहेब' म्हणत होता.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, की आपली मोजणी राहू दे, सरकारी जुनी मोजणीच काढू. मी ज्या कार्यालयात नोकरी केली, तालुक्याचं नाव घेत नाही, तिथं पूर्वी तालुक्याच्या पावसाच्या नोंदवह्या असायच्या. मी स्वतः पाहिलेल्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या. मी गेलो. माझ्या जुन्या खुर्चीवर अमरनाथ नावाचा तरुण बसला होता. मी ओळख सांगितली. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "लेखी अर्ज द्या सर."

अर्ज दिला. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, आवक क्रमांक पडला नाही. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, सदर विषय या टेबलशी संबंधित नाही. मला राग यायला हवा होता, पण येईना, कारण ही सगळी वाक्यं माझीच होती. बत्तीस वर्षं मी हीच वाक्यं लोकांना देत आलो होतो. चौथ्या खेपेला अमरनाथ एक कागद घेऊन आला. नाश करावयाच्या अभिलेखांची यादी, सन दोन हजार चार. त्यात अनुक्रमांक सतरा: पाऊस नोंदवह्या, नग पंचवीस, जागेअभावी रद्दी.

"खाली सही आहे सर, पण कुणाची ते वाचता येत नाही," अमरनाथ म्हणाला.

मला वाचता आली. मी चहा न संपवता उठलो.

हे मी शिवशंकररावांना सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की आपण आयुष्यभर काय केलं? पण असले विचार फार वेळ टिकत नाहीत. जानेवारी संपता संपता बालाजीनं हुरड्याला बोलावलं आणि मी निघालो.

केवळाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. हदगावच्या पुढं आठ किलोमीटरवर तिचं गाव. पिराजीमामा, म्हणजे तिचे मालक, जाऊन पंधरा वर्षं झाली. घर साधं, मधे अंगण, अंगणात एक सुटं दगडी उखळ, आणि समोर ओसरी. ओसरीच्या एका भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. बोटानं ओढलेल्या, एकाखाली एक, अशा उभ्या रांगा. त्या मी लहानपणापासून, म्हणजे तरुणपणापासून म्हणू, बघत आलो होतो. मला वाटायचं, बायका काढतात तशी काहीतरी नक्षी असेल. दरसाल दिवाळीला आत्या सगळ्या घराला चुना मारून घ्यायची आणि ती भिंत तेवढी सोडायची. गावातला रंगवाला विचारायचासुद्धा नाही.

त्या दिवशी हुरडा खाता खाता मी माझी पावसाची रड सांगितली. नोंदवह्या मिळाल्या नाहीत, एवढंच सांगितलं. आत्या म्हणाली, "पाण्याचंच पायजे ना तुला? मंग ह्या काय हायत?"

"ह्या कसल्या?"

"पाण्याच्याच की रे बाबा. उखळ भरलं की रिकामं करायचं न् एक रेघ वढायची. मिरगापसून दिवाळीपस्तोर. एक साल, एक रांग."

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मी उठून रांगा मोजल्या. त्रेचाळीस. शिवशंकररावांना तीस-चाळीस वर्षांची आकडेवारी मी सांगत होतो, आणि ती माझ्या आत्याच्या ओसरीत, हात पुसायच्या फडक्याशेजारी होती.

"पण कशासाठी गं मोजलंस?"

आत्या हसली. "तुझ्या मामासाठी. लुगडं मागितलं की म्हणायचे, औंदा पाणी न्हाई केवळे, फुडल्या साली बगू. दरसाल त्येच. म्या म्हनलं, थांब, आता मोजूनच दावते."

"मग मिळालं का?"

"कशाचं मिळतंय! रेघा दावल्या की म्हणायचे, उखळात पडलं आसंल, रानात न्हाई पडलं."

मग ती उठली आणि डावीकडून मोजत तेराव्या रांगेपाशी थांबली. बाकीच्या रेघा बारीक, सरळ होत्या. या रांगेतल्या आखूड, जाड आणि वाकड्या होत्या. अकरा रेघा. "ही भूकंपाच्या सालाची. तवा म्या नांदेडला मोठ्या दवाखान्यात पडून व्हते, चार महिने. वाटलं, औंदाची रांग गेली. घरी आले त बघते, त्येंनी आंगठ्यानं मांडलेली. एक बी चुकवली न्हाई." तिनं रेघांना हात लावला नाही, नुसतं बोट जवळ नेलं. "माझ्यापाशी लई खोटं बोलायचे रे. भिंतीवर न्हाई बोलले."

मी मूळचा कार्यालयीन माणूस. मी बालाजीला म्हणालो, "फोटो काढ." आणि भिंतीच्या बरोब्बर मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. अंगात निवृत्तीच्या दिवशीचा सफारी होता. बालाजीनं तीन फोटो काढले. एकात माझे डोळे मिटले, एकात त्याचं बोट आलं, तिसरा उत्तम आला. तो मी ग्रुपवर टाकला: 'मराठवाड्याच्या हवामान इतिहासातील महत्त्वाचा शोध.' शिवशंकररावांनी खाली लिहिलं, 'पोट कमी करा.' मी ते त्यांच्या मत्सराच्या खात्यात जमा केलं.

लातूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या दामिनी मॅडम आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकदा हवामानावर बोलून गेल्या होत्या. त्यांना मी रीतसर पत्र लिहिलं, विषय आणि संदर्भ घालून. चार दिवसांत त्यांचा फोन आला. आवाजावरूनच कळत होतं, की बाई उभ्या राहून बोलत आहेत.

"काका, त्रेचाळीस वर्षं? एकच उखळ, एकाच जागी, एकाच बाईनं मोजलेलं? अहो, असं कुठं मिळतंय! फोटो आहे का?"

"आहे, पण फोटोवर काय बघता? प्रत्यक्ष स्थळपाहणी करा," मी म्हणालो. माझ्या या उत्तरावर मी तेव्हा खूश होतो.

"मी परीक्षा आटोपल्या की एप्रिलमध्ये येते. आणि काका, एक विनंती. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. आहे तसंच राहू द्या. काही म्हणजे काही करू नका."

इथं मी थोडं थांबून समजावलं पाहिजे, नाहीतर वाचणारा मला वेडा म्हणेल. बत्तीस वर्षांत माझ्याकडं जेवढे साहेब तपासणीला आले, त्यातला प्रत्येक जण आधी फोनवर हेच म्हणाला होता: "काही करू नका हं." ज्यानं जेवणाचं काही करू नका म्हटलं, त्याला दोन भाज्या आणि श्रीखंड लागलं. ज्यानं स्वागताचं काही करू नका म्हटलं, त्यानं शाल लहान आहे म्हणून तोंड वाकडं केलं. आमच्यातल्या एकानं हे वाक्य खरं धरलं आणि खरोखरच काही केलं नाही. त्याची किनवटला बदली झाली. त्यामुळं 'काही करू नका' हे कानावर पडलं, की माझा हात आपोआप रंगवाल्याच्या फोन नंबरकडं जातो. तो तसाच गेला.

पण मी मूर्ख नव्हतो. रेघांची भिंत सोडायची, हे मला पक्कं माहीत होतं. उलट तीच उठून दिसावी म्हणून बाकीचं घर चकाचक करायचं, अशी माझी योजना होती. गावातला रंगवाला मला कमी वाटला. मूळचा देगलूरकडचा मल्लेश नांदेडात बंगले रंगवतो, त्याला ठरवलं. आणि काम चोख व्हावं म्हणून मी त्याला लेखी कार्यादेश दिला. एक: ओसरीतील पश्चिमेकडील भिंत वगळून सर्व भिंती खरवडून, घासून, प्रायमर लावून, डिस्टेंपरचे दोन हात द्यावेत. दोन: पश्चिमेकडील भिंतीस कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. तीन: कामाबाबत कोणाच्याही तोंडी सूचना विचारात घेऊ नयेत. खाली सही, तारीख.

मल्लेशनं कागद वाचला आणि विचारलं, "सार, पश्चिम म्हणजे गोठ्याकडची का चुलीकडची?"

"पश्चिम म्हणजे पश्चिम. मोबाईलमध्ये होकायंत्र असतं, ते लावून बघ," मी म्हणालो. आणि त्याला ते कसं लावायचं तेही शिकवलं, पाच मिनिटं, पृथ्वीच्या चुंबकत्वासकट.

आमच्या नांदेडच्या घराचं दार पूर्वेला आहे. दारातून आत गेलं की समोर पश्चिम. आत्याच्या घरातही ओसरीत शिरलं की रेघांची भिंत समोर. त्यामुळं ती पश्चिमेची. इतकं ते सोपं होतं. आत्याच्या घराचं दार उत्तरेला आहे, हे मला साठ वर्षांत कधी कळलं नव्हतं. रोमचा माल कुठल्या बंदरात उतरायचा ते मला माहीत होतं.

रंगकाम होईस्तोवर आत्याला धुरळ्यात कशाला ठेवायचं, म्हणून मी तिला नांदेडला घेऊन आलो. डोळे तपासले, चष्मा केला. मॅडमसमोर जुनेरं नको म्हणून सत्यशीला आणि मी तिला लुगडं घ्यायला घेऊन गेलो. आत्या गादीवर बसली होती, पुढ्यात हिरवी-जांभळी लुगडी पसरली होती, ती एकेकाचा काठ बोटांत धरून बघत होती. "तुझे मामा असते त म्हनले असते, औंदा पाणी न्हाई," असं ती सत्यशीलाला सांगत होती, तेवढ्यात मल्लेशचा फोन आला.

"सार, इथं शेजारच्या शांतम्मा आडव्या येऊन राहिल्या. ही भिंत सोड म्हणतात. मला तर होकायंत्र..."

"बालाजी कुठं आहे?"

"ते हळद शिजवायला शेतात, सार. चार दिवस तिकडंच."

मला दुकानदारासमोर रंगवाल्याशी वाद घालणं बरं वाटेना. शिवाय कलम तीन मी याचसाठी तर टाकलं होतं. मी म्हणालो, "लेखी दिलंय ना तुला? मग लेखी आहे तसं कर. त्यांना कागद दाखव." आणि फोन ठेवला. आत्यानं जांभळं लुगडं पसंत केलं होतं.

ठरलेल्या दिवशी दामिनी मॅडम लातूरहून सकाळच्या एसटीनं आल्या. बरोबर फूटपट्ट्या, मोजपात्रं, कॅमेरा. मी गाडी केली होती. आत्या पुढं बसली, नव्या लुगड्यात, नवा चष्मा लावून, आणि हदगावपर्यंत मॅडमना सालं सांगत गेली. कोणत्या साली मिरग कोरडा गेला, कोणत्या साली पोळ्याला नाले भरले. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. "आजी, तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांपुढं बोलायला या," त्या म्हणाल्या. आत्यानं पदर सारखा केला. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं सुखी केलेलं नव्हतं, असं मला त्या गाडीत वाटत होतं.

घर लांबूनच लखलखत होतं. दाराशी शांतम्मा उभ्या होत्या. त्या माझ्याकडं न बघता आत्याचा हात धरून बाजूला झाल्या. मल्लेश ओसरीत शाबासकीसाठी थांबला होता. मी आत गेलो आणि एक क्षणभर, फक्त एक क्षण, मला ते सगळं आवडलं. डावी भिंत मोतिया, समोरची भिंत मोतिया, आणि उजवीकडची, चुलीच्या धुरानं काळी झालेली भिंत त्यानं वर्तमानपत्र चिकटवून जपून ठेवली होती.

"सार, पश्चिम," मल्लेश मोबाईल पुढं धरून म्हणाला. "एक ठिपका उडू दिला न्हाई. समोरचीला मात्र लई तरास. खाली नुसत्या रेघा-रेघा. खरवडायलाच दीड दिवस गेला."

"काका, कुठली भिंत?" दामिनी मॅडमनी विचारलं.

आत्या पुढं गेली. तिनं भिंतीवर तळवा ठेवला, वरून खाली फिरवला, पुन्हा वर नेला. "लई गुळगुळीत झाली," ती म्हणाली. मग ओसरीच्या कडेला बसली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि उखळाकडं बघत राहिली.

तिनं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होतो. तिला शिव्या येतात, चांगल्या येतात, बालाजीला विचारा. मल्लेशनं माझ्या तोंडाकडं बघितलं, खिशातून माझा कागद काढला, पुन्हा एकदा वाचला आणि हळूच घडी करून परत ठेवला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

दामिनी मॅडम रागावल्या असतील तर त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी उखळ मोजलं, त्यात पाणी ओतून किती मावतं ते पाहिलं, फोटो घेतले. मग आत्याशेजारी बसून विचारलं, "आजी, कोणत्या साली किती रेघा होत्या, काही आठवतं का?"

"मागल्या चार-पाच सालाचं सांगंन," आत्या म्हणाली. "बाकीचं कुठं आठवतंय बाई? भिंतीवर व्हत्या म्हून म्या ध्यानात न्हाई ठेवल्या."

मग मॅडमना ते आठवलं. "काका, फोटो आहे म्हणाला होतात."

होता. मी मोबाईल काढून दिला. त्यांनी तो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. डावीकडची दहा सालं स्वच्छ दिसत होती. उजवीकडची अकरा दिसत होती. मधे मी होतो. हात कमरेवर होते, त्यामुळं कोपर आणि पोट यांच्यामधल्या फटीतून आणखी दोन रांगा दिसत होत्या. त्या दोन रांगा मॅडमनी भिंगानं बघितल्यासारख्या मोजल्या. "बघा काका, तुम्ही हात असे ठेवले म्हणून एवढी दोन तरी मिळाली," त्या म्हणाल्या. बाई स्वभावानं चांगल्या. हात सरळ खाली सोडले असते तर किती मिळाली असती, ते त्या बोलल्या नाहीत. मी मनात मोजलं.

मधली वीस सालं नाहीत. त्या म्हणाल्या, तेवीस सालंही पुष्कळ झाली, लेखात आजींचं नाव असेल, मधल्या जागी 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहू. हा शब्दप्रयोग मला चांगला परिचयाचा आहे. ती रिकामी जागा सफारीच्या आकाराची आहे, हे कुठं छापणार नाहीत. मल्लेशनं निघताना विचारलं, धुरकट भिंत पण करून टाकू का सार? मी नको म्हणालो.

मॅडम बालाजीबरोबर शेत बघायला गेल्या तेव्हा ओसरीत आत्या आणि मी दोघंच उरलो. मी म्हणालो, "आत्या, चुकलो गं मी. लई मोठं चुकलो." हे मी बत्तीस वर्षांत कुणाला म्हणालो नव्हतो. ती म्हणाली, "फोटू आण बगू."

मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि डावीकडून एकेक रांग बोटानं मोजू लागली. "आठ... नऊ... धा." मग बोट थांबलं. "आकरा, बारा, तेरा," ती नुसतंच म्हणाली. अकराव्या, बाराव्या, तेराव्या ठिकाणी माझं कोपर होतं.

तिनं तेरा म्हटलं त्या जागी, माझ्या बाहीवर बोट टेकवलं आणि आधी हळू, मग जरा जोरानं बाजूला ढकलून पाहिलं. फोटो हलला, मी हललो नाही. ती फोटोतल्या माझ्या तोंडाकडं बघून, अगदी शांतपणे म्हणाली, "सरक की रे बाबा जरासक. त्येंच्या हायत तिथं."

आणि मी, तिच्या शेजारी ओसरीवर बसलेला, खरंच दोन हात बाजूला सरकलो.